मोरपंखी सोफा, हळदी खुर्च्या आणि तांबडा कोबा: भिंतीला रंग कोणता?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याजवळच्या आपल्या जुन्या चिरेबंदी घराची डागडुजी आता पूर्ण होत आली असून बैठकीच्या खोलीसाठी आपण मोरपंखी मखमलीचा मोठा सोफा आणि हळदी पिवळ्या रंगाच्या दोन खुर्च्या घेतल्या आहेत. आजोबांच्या वेळचे शिसवी कपाटही त्याच खोलीत राहणार आहे. जमीन तांबड्या कोब्याची आहे, वर उघडे वासे आणि मंगळुरी कौले आहेत, खिडक्या उत्तरेला आणि पश्चिमेला आहेत, आणि उत्तरेच्या खिडकीबाहेर लगेच कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, सुरू होते. भिंती सध्या पिवळसर क्रीम रंगाच्या आहेत. आईंना शुभ्र पांढरा रंग हवा आहे, धाकट्या बंधूंना राखाडी. रंगारी सोफ्यामागची एक भिंत सोफ्याच्याच रंगाची करण्याचा आग्रह धरतो आहे, आणि आपल्या स्वतःच्या मनात पणजीच्या फोंतेन्हासमधील घरांसारखा गडद पिवळा आहे. या चारांतून कोणता निवडावा, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते चारांपैकी एकही निवडू नये. मात्र त्यांच्या जागी पाचवा शेड क्रमांक सांगून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही, कारण तोच क्रमांक आपल्या खोलीत एक दिसेल आणि मडगावच्या एखाद्या फ्लॅटमध्ये दुसराच. ठसठशीत रंगाचे फर्निचर असलेल्या खोलीत भिंतीचा रंग तांबूस, निळसर की पिवळसर हा निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. त्याआधी भिंत किती उजळ हवी आणि तिचा रंग किती मंद हवा, या दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. बहुतेक लोक याच्या उलट क्रमाने जातात: सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन दुकानात जातात, शेड कार्डावर त्याला जुळणारी पट्टी शोधतात आणि घरी आल्यावर खोली अंधारली म्हणून हळहळतात.

उजळपणापासून सुरुवात करू. रंग आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी किती भाग परत फेकतो हे ० ते १०० या मापाने सांगतात. बऱ्याच रंग कंपन्या हा आकडा एलआरव्ही या नावाने देतात. काळ्याचा आकडा शून्याजवळ असतो आणि चांगल्या पांढऱ्याचा ८५ च्या आसपास. आपल्या खोलीतील वस्तूंना या मापाने पाहिले, तर मोरपंखी मखमल अंदाजे १० च्या घरात येईल, शिसवी कपाट त्याहूनही खाली, तांबडा कोबा १० ते १५ च्या दरम्यान आणि हळदी खुर्च्या ४० च्या जवळपास. वर पांढरे छत नाही. वासे आणि कौले प्रकाश गिळणारीच आहेत. म्हणजे जमीन, छप्पर आणि फर्निचर हे तिन्ही प्रकाश खाणारे आहेत आणि खोलीत उजेड परत फेकण्याचे काम एकट्या भिंतींवर आले आहे. त्यामुळे ५० च्या खालचा कोणताही रंग, मग तो कितीही देखणा असो, या खोलीत चारही भिंतींना लावता येणार नाही. हीच खुर्ची आणि हाच सोफा पांढरे छत आणि फिकट व्हिट्रिफाइड टाइल असलेल्या फ्लॅटमध्ये ठेवला असता, तर मी ४५ पर्यंतचा मध्यम गडद रंगसुद्धा आनंदाने सुचवला असता.

मग ८५ चा शुभ्र पांढराच का नको? आईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु या खोलीत तीन अडचणी आहेत. पहिली अशी की, अतिशय उजळ पार्श्वभूमीवर गडद वस्तू आहे त्याहून अधिक गडद दिसते. शुभ्र भिंतीपुढे मोरपंखी मखमलीतला निळा-हिरवा खेळ मावळतो आणि दुरून तो सोफा जवळजवळ काळाच वाटू लागतो. दुसरी अडचण प्रतिबिंबित रंगाची आहे. पांढरी भिंत समोरच्या प्रत्येक वस्तूचा रंग उचलते. कोब्यावर पडलेले ऊन भिंतीच्या खालच्या भागावर गुलाबी झाक टाकील, कुळागरातून येणारा उजेड उत्तरेकडच्या कोपऱ्याला हिरवट करील आणि खुर्चीच्या मागे पिवळा डाग पडल्यासारखे दिसेल. जून ते सप्टेंबर या काळात, पोफळी आणि माड धुऊन निघालेले असतात आणि आभाळ झाकोळलेले असते, तेव्हा ही हिरवट झाक विशेष जाणवते. तिसरी अडचण बुरशीची: गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि शुभ्र भिंतीवर बुरशीचा पहिला ठिपकासुद्धा लगेच नजरेत भरतो.

राखाडीविषयी मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण त्याला मागणी बरीच असते आणि तक्रारीही त्याच्या बऱ्याच येतात. मिशेल शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या भिंतीवर लावायची विणीव चित्रे बनवणाऱ्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत असत. तिथल्या काळ्या लोकरीचा रंग फिका दिसतो अशी तक्रार आल्यावर त्यांनी तपास केला, तेव्हा दोष रंगात नसून त्या लोकरीशेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगांमुळे तसे दिसते, असे त्यांच्या लक्षात आले. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना परस्परांपासून दूर ढकलतात, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. राखाडीला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्यामुळे तो या ढकलाढकलीत सर्वांत आधी सापडतो: हळदी खुर्चीशेजारी तोच राखाडी किंचित जांभळट दिसतो आणि मोरपंखी सोफ्याशेजारी तांबूस, मळकट. एकाच भिंतीवर एकाच डब्यातला रंग दोन जागी दोन प्रकारचा दिसला म्हणजे लोक रंगाऱ्याला दोष देतात, आणि तो बिचारा निष्कारण शिव्या खातो. याखेरीज पावसाळ्यातील मंद उजेडात राखाडी भिंत ओल आल्यासारखी दिसते. ज्या घरात ओल खरोखरच येण्याची शक्यता आहे, तिथे ती नसतानाही दिसावी अशी व्यवस्था का करावी?

आता रंगाऱ्याची सूचना. सोफ्यामागची भिंत सोफ्याच्याच रंगाची केली तर सोफ्याची बाह्यरेषा हरवते. मोठी किंमत मोजून घेतलेली वस्तू भिंतीत विरून जाते. शिवाय कापडाचा रंग आणि भिंतीचा रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून तयार झालेले असल्यामुळे दुकानातील ट्यूबलाइटखाली ते तंतोतंत जुळले, तरी घरच्या दिव्याखाली वेगळे पडू शकतात, आणि थोडक्यात चुकलेले साम्य उघड वेगळेपणापेक्षा जास्त खटकते. त्याच कुळातील पण सोफ्याहून गडद आणि बराच मंद असा रंग मागे देणे हा एक मार्ग असतो, आणि केवळ संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात वापरल्या जाणाऱ्या खोलीत तो फार छान दिसतो. आपली खोली मात्र दिवसभर वापरातली आहे आणि तिला आधीच प्रकाशाची चणचण आहे.

फोंतेन्हासचा पिवळा आपल्याला का मोहवतो, हे मी समजू शकतो. पण तो रंग आपण उन्हात पाहतो. भर दुपारी उघड्यावर प्रकाश १,००,००० लक्सच्या आसपास असू शकतो, तर घरातल्या बैठकीत तो बहुधा १०० ते ३०० लक्स असतो. बाहेर प्रसन्न वाटणारा तो गेरूमिश्रित पिवळा आत आला की जड आणि तपकिरी होतो, समोरासमोरच्या दोन भिंती एकमेकींवर आपला रंग फेकून तो आणखी गडद करतात, आणि आपल्या हळदी खुर्च्या तर त्यात दिसेनाशाच होतील. त्या घरांकडून शिकण्यासारखी गोष्ट पिवळ्यात नाही. ती खिडक्या-दारांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये आहे. तिथे निळी भिंत आणि तांबडी भिंत शेजारी-शेजारी असूनही डोळ्यांना त्रास होत नाही, कारण प्रत्येक ठाशीव रंगाभोवती विसाव्याची एक फिकट चौकट आहे. आपल्या खोलीत ठाशीव रंग आधीच तीन आहेत: तांबडी जमीन, मोरपंखी सोफा आणि हळदी खुर्च्या. भिंतीने चौथा होऊ नये, तिने चौकट व्हावे.

या सगळ्यातून उत्तर बरेचसे आपोआप निघते. भिंतीचे परावर्तन मूल्य (वर सांगितलेला एलआरव्ही) ६५ ते ७२ च्या दरम्यान असावे, म्हणजे सोफ्याशी तिचे अंतर भरपूर राहील पण तो काळवंडणार नाही. रंगाची तीव्रता अगदी कमी असावी, म्हणजे भिंत एकटी पाहिली तर ‘ही अमुक रंगाची आहे’ असे चटकन सांगता येऊ नये. आणि तिचा कल उष्ण बाजूला असावा, कारण कुळागराच्या हिरव्या उजेडाला तोल मिळायला हवा. हा उष्णपणा कोणत्या रंगद्रव्यातून आणायचा, ही मात्र नाजूक बाब आहे. तो पिवळ्यातून आणला तर आजच्या क्रीमचीच अडचण पुन्हा उभी राहते: पिवळसर भिंतीपुढे पिवळ्या खुर्चीचा पिवळेपणा फिका पडतो. तो तांबड्यातून आणला तर कोब्याच्या झाकेमुळे भिंतीचा खालचा भाग गुलाबी होईल. म्हणून तो मातकट तपकिरीतून आणावा. न धुतलेल्या मांजरपाटाचा जो रंग असतो, तो मला इथे अभिप्रेत आहे. शेड कार्डावर तो ऑफ-व्हाइटच्या पानावर शेवटच्या दोन-तीन पट्ट्यांत सापडतो, पहिल्या पट्ट्यांत नाही. अशा भिंतीपुढे मोरपंखीचा निळेपणा अधिक स्वच्छ उठतो, आणि शिसवीतील जांभळट तपकिरी तिच्याशी नाते सांगते.

कार्डावरच्या पट्टीवर विसंबू नये. एवढासा तुकडा भिंतभर पसरला की त्याचा रंग अधिक तीव्र वाटतो. म्हणून दोन पट्ट्यांमध्ये मन अडकले असेल तर अधिक मंद पट्टी घ्यावी. निवडलेल्या दोन किंवा तीन छटांचे लहान डबे आणून साधारण २ फूट लांब-रुंद हार्डबोर्डच्या तुकड्यांवर प्रत्येकी दोन हात द्यावेत. सध्याच्या क्रीम भिंतीवर थेट नमुन्याचे चौकोन रंगवण्याची रंगाऱ्यांची पद्धत मला मान्य नाही, कारण सभोवतालचा क्रीम त्या नमुन्याची छटा बदलून दाखवतो. बोर्ड सोफ्याच्या मागे, खुर्चीच्या शेजारी आणि जमिनीला टेकवून असे तिन्ही ठिकाणी उभे धरावेत, आडवे नव्हे. आणि सकाळी, भर दुपारी, पश्चिमेचे ऊन आत येते तेव्हा आणि रात्री दिवे लावल्यावर पाहावेत. रंगाची छटा फोनच्या छायाचित्रावरून ठरवू नये, कारण कॅमेरा स्वतःच्या मनाने उजेडाचा रंग दुरुस्त करून टाकतो. मात्र उजळपणाचे अंतर पाहण्यासाठी तोच फोन उपयोगी पडतो: छायाचित्र कृष्णधवल करून पाहावे, आणि त्यात भिंत, खुर्ची आणि सोफा या तिघांच्या करड्या छटा स्पष्ट वेगळ्या दिसत असतील तर निवड योग्य मार्गावर आहे असे समजावे.

उत्तरेकडचा उजेड दिवसभर एकसारखा आणि थंड असतो, असे सजावटीच्या पुस्तकांत वाचायला मिळते. ते युरोपासाठी खरे आहे. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. आपल्या पडवीच्या खोल वळचणीमुळे तो थेट आत येणार नाही, पण मे महिन्यात बाहेरच्या तांबड्या मातीवरून उसळलेला उजेड त्या खिडकीतून येतो आणि तोच पावसाळ्यात हिरवा होतो. म्हणून शक्य असेल तर बोर्ड एकदा ढगाळ, पावसाळी दिवशी पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. या खोलीची खरी परीक्षा त्याच दिवसांत आहे.

दिव्यांचा प्रश्न रंगाआधी मिटवावा. कोब्याच्या आणि लाकडाच्या खोलीला २७०० ते ३००० केल्विनचे उष्ण दिवे शोभतात. त्यांच्याखाली हळदी खुलते आणि मोरपंखी थोडा हिरवट, गडद होतो. तो फार गडद वाटला तर भिंतीचा रंग बदलण्याऐवजी सोफ्याजवळ एक उभा दिवा द्यावा. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा, ९० किंवा त्याहून अधिक असलेला पाहून घ्यावा. कमी आकड्याच्या स्वस्त एलईडीखाली तांबडा रंग विटका दिसतो, आणि आपल्या खोलीत तर सारी जमीनच तांबडी आहे. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली बोर्ड पाहून निर्णय घेतला आणि नंतर पिवळे दिवे बसवले, तर सगळी मेहनत वाया जाते. एक गंमत म्हणून सांगतो: तिन्हीसांजेला दिवे लावण्यापूर्वी खोलीत बसून पाहा, मंद उजेडात डोळ्याला तांबडा रंग आधी काळा दिसू लागतो आणि निळा-हिरवा मागे उजळ राहतो, त्यामुळे जमीन नाहीशी होऊन सोफा तेवढा तरंगल्यासारखा भासतो.

आता भिंतीच्या प्रकृतीविषयी, कारण ती सांभाळली नाही तर वरील सर्व चर्चा व्यर्थ आहे. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असेल, तर ती भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. तिच्यावर जाड प्लास्टिक इमल्शनचा थर चढवला की ओल आत अडकते, लोणा लागतो (भिंतीतले क्षार बाहेर फुटतात), रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला चुन्याची सफेती किंवा वाफ जाऊ देणारा खनिज रंगच द्यावा. चुन्यात मांजरपाटाची छटा आणणे अवघड नाही: थोडी पिवळी माती आणि किंचित अंबर नावाची तपकिरी माती. ही लोहयुक्त मातीची रंगद्रव्ये चुन्याच्या क्षारात आणि उन्हात टिकतात. आपल्या देवळांतील कावीकामाचा, म्हणजे चुन्याच्या भिंतीवर काव या तांबड्या मातीने केलेल्या नक्षीचा, तांबडा रंग इतकी वर्षे टिकून राहिला तो याच कारणाने. ओल्या चुन्याचा रंग वाळल्यावर बराच फिकट होतो, म्हणून बोर्डऐवजी गिलाव्याच्याच एखाद्या तुकड्यावर पातळ तीन हात देऊन, पूर्ण वाळल्यावर पाहावा. डागडुजीत काही भिंतींना नवे सिमेंट प्लास्टर झाले असेल तर त्यावर किमान २८ दिवस रंग चढवू नये. तिथे ॲक्रिलिक इमल्शन चालेल, पण चुन्याची भिंत आणि इमल्शनची भिंत एकाच कोपऱ्यात भेटू देऊ नये, कारण छटा एक असली तरी दोघींचा पोत वेगळा दिसतो.

चकाकीबाबत माझे मत ठाम आहे. मखमल स्वतः प्रकाश खेळवणारी वस्तू आहे; तिच्यामागे चकचकीत भिंत नको. शिवाय चकाकी जुन्या भिंतीचे चढउतार उघडे पाडते आणि खुर्च्यांचा रंग आरशासारखा परत फेकते. मॅट घ्यावा, आणि पुसण्याची सोय हवीच असेल तर फार तर अगदी मंद तकाकीचा. जमिनीलगत पाच-सहा इंचांचा कावेच्या रंगाचा पट्टा काढून घ्यावा. कोबा पुसताना उडणारे पाणी त्यावर दिसणार नाही, आणि जमिनीचा तांबडा रंग भिंतीला एकदम न भिडता एका रेषेवर थांबेल. सोफा मात्र भिंतीला चिकटवून ठेवू नये. मधे अर्ध्या फुटाची जागा सोडली तर पावसाळ्यात मागे वारा खेळतो आणि मखमलीला बुरशी धरत नाही.

बहुतेक घरे चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर रंगवली जातात, म्हणजे नेमकी भर पावसात, भिंती ओल्या असताना. देवाच्या खोलीपुरते ते समजण्यासारखे आहे. बैठकीच्या खोलीसाठी मात्र मी असे सुचवीन की, छटा पावसात ठरवावी आणि काम डिसेंबर ते एप्रिल या काळात करावे. इमल्शन घेतल्यास सगळे डबे एकाच वेळी मिसळून घ्यावेत, शेड क्रमांकाबरोबर बेसचा (ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगाचा) प्रकारही वहीत लिहून ठेवावा, आणि भिंत सुरू करण्यापूर्वी सर्व डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करायला रंगाऱ्याला सांगावे. यंत्रावर मिसळलेल्या दोन डब्यांतही बारीक फरक राहू शकतो.

पावसाळी दिवशी बोर्ड हिरवट वाटला, तर दुकानदार बहुधा पिवळा वाढवायला सुचवील. तसे करू नये, त्याने हिरवेपणा वाढेलच. त्याऐवजी रेड ऑक्साइडचा एखादा थेंब वाढवून घ्यावा आणि जमिनीलगत बोर्ड धरून तो गुलाबी होत नाही ना, हे पाहावे. बोर्ड मळकट वाटला, तर छटा तीच ठेवून फक्त एक पायरी फिकट पट्टी घ्यावी. आईंच्या इच्छेसाठी खिडक्या-दारांच्या चौकटींभोवती तीन-चार इंचांचा शुभ्र पांढरा पट्टा द्यायला माझी काहीच हरकत नाही. उलट, मांजरपाटी भिंतीवर तो अतिशय देखणा दिसेल.